जंतूला उपाशी मारण्याची गोष्ट

औषध कंपनीचा माणूस म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे काळी बॅग, टाय आणि दवाखान्याबाहेरचं बाकडं येतं. माझ्याकडे या तिन्हींखेरीज एक दोर होता. हातभर लांब, दोन पदरी, पोंभुर्ण्याकडच्या एका तलावावर मासे धरणाऱ्या घरातून आणलेला. चंद्रपूर-गडचिरोलीत मला नावानं ओळखणारे डॉक्टर थोडे, ‘दोरवाला एमआर’ म्हणून ओळखणारे पुष्कळ. आजही एखादे म्हातारे डॉक्टर बाजारात भेटले की दोन्ही हातांनी हवेत पीळ घालून दाखवतात आणि हसतात. मीही हसतो, पण नजर चपलांकडे जाते. असं का होतं ते आज लिहायचं आहे. संपादकांनी गमतीचे किस्से मागितले होते, तर आधी तेही एक-दोन देतो, म्हणजे दिवाळीच्या अंकात रडगाणं लिहिलं असं कुणी म्हणायला नको.

आमचा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही औषध विकत नाही, औषधाचं नाव विकतो. डॉक्टरच्या हातातल्या पेनातून आमच्या गोळीचं नाव उतरलं पाहिजे, एवढंच आमचं काम. त्यासाठी पेशंट संपेपर्यंत बाकड्यावर बसायचं, आत गेल्यावर रंगीत चित्रांची वही उघडून दोन मिनिटांत पाठ केलेलं म्हणायचं, सॅम्पलच्या गोळ्या टेबलावर ठेवायच्या आणि हसत बाहेर यायचं. कंपनीचे साहेब मुंबईत बसायचे, त्यामुळे टाय सक्तीचा. चंद्रपूरच्या मे महिन्यात गळ्यात टाय बांधून एसटीच्या मागच्या सीटवर बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल तर तुमचं फारसं काही बिघडलेलं नाही.

घुग्घुसला खाणीच्या दवाखान्यात एक डॉक्टर होते. खाणीतली पाळी सुटली की त्यांच्या दारात मोटारसायकलींची रांग लागायची, आणि टेबलावर कोळशाची अशी पूड बसायची की मी बॅग ठेवून उचलली की तिचा चौकोन उमटायचा. ते मान वर न करता म्हणायचे, “नाव सांग, पेन दे, जा.” मी नाव सांगायचो, पेन द्यायचो, जायचो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पुढे त्यांची बदली झाली तेव्हा मला बोलावून म्हणाले, “तू लई चांगला एमआर आहेस, कधी बोलला नाहीस.” ही माझ्या कारकिर्दीतली पहिली शाबासकी.

दुसरा किस्सा मार्कंड्याच्या जत्रेतला. वैनगंगेच्या काठी महाशिवरात्रीला लोटालोट गर्दी, आणि आरोग्याच्या तंबूत ओळखीचे डॉक्टर ड्यूटीवर. ते जेवायला गेले, मी टाय लावून खुर्चीवर बसलो होतो. एक आजोबा आले, समोर बसले आणि जीभ बाहेर काढली. आता एखाद्यानं एवढ्या विश्वासानं काढलेली जीभ न बघता परत कशी पाठवणार? मी बघितली. गंभीर तोंड करून सांगितलं, साखर-मिठाचं पाणी प्या, थोडं सावलीत बसा. आजोबा हात जोडून गेले. मी हा किस्सा वर्षानुवर्षं सांगून लोकांना हसवलं आहे. टाय बांधलेल्या माणसानं सहज काढलेला शब्द आमच्याकडे औषध होऊन जातो, हे त्या दिवशीच मला कळायला हवं होतं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आमच्या कंपनीनं सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी आणली. तशा गोळ्या इतरांकडेही होत्या, पण आम्हाला तिचं ट्रेनिंग नागपूरच्या हॉटेलात मिळालं आणि शिकवणारा माणूस खरोखर जाणकार होता. हळू बोलायचा आणि प्रश्न विचारला की त्याला आनंद व्हायचा.

गोळीचं काम इथे सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. जंतू म्हणजे एक इवलीशी पेशी. तिच्या पोटात डीएनएचा दोर, पेशीपेक्षा कितीतरी पट लांब, दोन पदर एकमेकांवर पिळलेले. जंतूला वाढायचं तर एकाचे दोन व्हावं लागतं, आणि त्यासाठी दोराचे पदर सुटे करून प्रत्येकाची नक्कल काढावी लागते. घरी करून बघा. पिळाचा दोर घ्या, पलीकडचं टोक कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि अलीकडून पदर वेगळे करत जा. थोड्याच वेळात पुढचा पीळ इतका दाटतो की दोर आखडतो, त्याला अढ्या पडतात आणि पदर सुटायचं नाव घेत नाहीत. जंतूच्या पोटातही तेच होतं. तिथे गायरेज नावाचं एन्झाइम कामाला येतं. एन्झाइम म्हणजे पेशीतला कारागीर समजा. तो दोराचे दोन्ही पदर एका जागी तोडतो, त्या फटीतून दोराचाच दुसरा भाग पलीकडे नेतो आणि तुटलेलं पुन्हा असं जोडतो की कुठे तोडलं होतं ते सापडू नये. असं करत करत तो दोरात उलटा पीळ भरतो आणि दाटलेला पीळ सैल पडतो.

या कामाला शक्ती लागते. पिळलेला दोर हातातून सोडला तर तो आपणच गरगर उलगडतो, त्याला कुणाचं बळ लागत नाही. पण निवांत पडलेल्या दोरात उलटा पीळ भरायचा म्हटला तर मनगट दुखतं. पेशीत शक्ती लहान लहान पुड्यांत बांधून ठेवलेली असते, त्या पुडीचं नाव एटीपी. गायरेज त्या पुड्या फोडत काम करतं. गंमत अशी की तोडायला आणि जोडायला त्याला पुडी लागत नाही. तोडताना दोराच्या टोकाची जी ओढ सुटते ती ते स्वतःपाशी धरून ठेवतं आणि जोडताना परत देतं. पुडी खर्च होते ती फटीतून दुसरा भाग ओढून नेण्यात आणि पुढच्या खेपेसाठी पुन्हा पहिल्यासारखं तयार होण्यात. हे ऐकून मी वर्गात खुर्चीच्या टोकाला आलो होतो. बीएस्सीला तीन वर्षं घालवून जे कळलं नव्हतं ते एका दुपारी कळलं होतं.

आमची गोळी काय करते? गायरेजनं दोर तोडला की ती तिथेच पाचर ठोकल्यासारखी बसते. जोडणं होत नाही. दोर ठिकठिकाणी तुटलेला राहतो आणि जंतू मरतो. पुड्यांशी, म्हणजे एटीपीशी, आमच्या गोळीचं काहीही वैर नाही. पुड्याच अडवणारं एक जुनं औषध होतं, त्याचा उल्लेख शिकवणाऱ्यानं ओघात केला होता. माझ्या डोक्यात या दोन्हींची खिचडी झाली. खरं सांगायचं तर झाली नाही, मी केली. ‘तुटलेला दोर जोडू देत नाही’ हे समजावायला वेळ लागायचा. ‘जंतूची शक्तीच काढून घेते’ हे एका दमात कळायचं. शक्ती म्हटलं की डॉक्टरही मान डोलवायचे.

दोराची कल्पना मात्र माझी आणि तिचा मला अजून अभिमान आहे. ती सुचली गजाननभाऊंच्या ओसरीवर.

गजाननभाऊ डॉक्टर नव्हते. तालुक्याच्या गावी एका जुन्या डॉक्टरकडे ते कंपाउंडर होते. ते डॉक्टर वारल्यावर गजाननभाऊंनी आपल्या गावात, तलावाच्या पाळीजवळ, घराच्याच ओसरीवर दवाखाना मांडला. कंपनीच्या कागदावर अशा माणसाकडे जाणं बसत नव्हतं, पण पावसाळ्यात रस्ता तुटला की त्या पंचक्रोशीला दुसरं कोण होतं? माणूस सालस. सुई उकळल्याशिवाय वापरायचे नाहीत, आणि न समजलेलं विचारायला लाजायचे नाहीत. घर ढिवरांचं. त्यांची बायको शांताबाई तलावावर जाळं टाकायची, धानाच्या रोवणीच्या दिवसांत मजुरीला जायची आणि मी गेलो की मला जेवल्याशिवाय उठू द्यायची नाही.

एका दुपारी मी त्यांना गायरेज समजावत होतो आणि हातवारे करून दमलो होतो. शांताबाई बाजूला जाळ्याचा दोर नीट करत बसली होती. म्हणाली, “भाऊ, तुमी जे सांगून राह्यले ते दोराचंच हाये ना? घ्या, एक टोक मी धरते.” तिनं टोक धरलं, मी पदर सोडवत गेलो, आणि थोड्या वेळात दोराला अढी पडली. ती हसली. म्हणाली, “हे तं रोजचंच हाये जी. ओल्या दोराले असंच होते.” मी तो तुकडा मागून घेतला.

त्याच दुपारी गजाननभाऊंनी विचारलं, “सायेब, मंग जंतूले हे शक्ती भेटते कुठून?”

माझी एसटी यायची वेळ झाली होती. खरं तर ती सबब आहे. एसटी वेळेवर कधी आली? मला बोलायची लहर आली होती, समोर ऐकणारी माणसं होती. मी म्हणालो, “कुठून म्हणजे? रोगी जे खातो त्यातूनच. आपल्याच घरचं खाऊन आपल्यालाच मारतो तो.”

 आतून गजाननभाऊंची म्हातारी आई म्हणाली, “मी तेच म्हनत होती. तापात भात देला का ताप मुरते. लंघनच पायजे. आमच्या वख्ती कोनी देत होतं का तापात खायले?”

“हाव बुढे,” गजाननभाऊ म्हणाले, “पन लंघन काऊन पायजे ते आज समजलं.”

मी ते ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. मला वाटलं, चला, जुन्या माणसांनाही गोळी पटली. बॅग उचलली आणि निघालो.

पुढचे महिने माझे फार चांगले गेले. गजाननभाऊंच्या भागातून गोळीला मागणी वाढली. एरिया मॅनेजर माझ्याबरोबर फिरायला आला तेव्हा त्याला मी दोर दाखवला आणि त्यानं नागपूरच्या मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे मला तो करून दाखवायला लावला. टाळ्या पडल्या. मी जिथे जाईन तिथे दोर काढायचो आणि शेवटी तेच वाक्य टाकायचो, जंतूची शक्ती तोडते. ज्यांनी मेडिकल कॉलेज पाहिलं होतं ते डॉक्टर मनातल्या मनात चूक सुधारून घेत असतील. गजाननभाऊंनी कुठे पाहिलं होतं?

त्यांनी आपला नियम केला. ताप आला की आमची गोळी, वर काळा चहा आणि पाणी. भात बंद, दूध बंद, गुळाचा खडासुद्धा बंद. ग्लुकोजची सलाईन लावणं त्यांनी सोडून दिलं, कारण त्यात नुसती शक्तीच, म्हणजे जंतूच्या तोंडात घास. साध्या तापात दोन-चार दिवस न जेवल्यानं माणूस मरत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात काही आलं नाही. उलट लोकांना आवडलं. आजीबाईचं लंघन आणि कंपनीची गोळी एकाच तोंडानं बोलत होती, मग शंका कशाला घ्यायची? हे सगळं मला तुकड्या-तुकड्यानं दिसत होतं. एकदा ओसरीवर बसलेल्या बाईला गजाननभाऊ सांगत होते, “पोट्टीले कायी देऊ नोको, जंतू खाईल.” मला हसू आलं होतं. आपलं वाक्य इतकं दूर पोचलं याचं हसू.

त्या वर्षी रोवणीच्या दिवसांत मी गेलो. पाऊस उघडला होता, धानाच्या बांधीत बायका वाकलेल्या होत्या. दरवेळी त्यांच्यातून शांताबाई हाक मारायची. त्या दिवशी हाक आली नाही. ओसरीवर गजाननभाऊ एकटेच होते, दाढी वाढलेली. मला बघून त्यांना खरोखर बरं वाटलं.

“बरं झालं आले, सायेब. घरचीले टायफाइड झाला.”

“कधी?”

“झाले लय दिस. ताप तं उतरला जी तुमच्या गोळीनं. झकास उतरला. पन अशक्तपना जाऊन नाई राह्यला. उभी राह्यली का पडते. म्हून मी गोळी चालूच ठेवली. जंतू अजून आत असन.”

“खातात काय?”

“कायी नाई,” ते म्हणाले. त्यांच्या स्वरात कसूर न केल्याचं समाधान होतं. “काळा चहा. कदीमदी लिंबाचं पानी, साखर नाई टाकत. तुमीच तं सांगतलं होतं.”

आत अंधारं होतं. शांताबाई खाटेवर होती आणि मला आधी ती दिसलीच नाही, नुसती गोधडी दिसली. तिनं हात उचलायचा प्रयत्न केला, नमस्कारासाठी असावा, तो अर्ध्यावर राहिला. गालफडं बसलेली, ओठांवर साल. अंगाला हात लावला तर ताप नव्हता. गार होतं अंग. मी डॉक्टर नाही, पण एवढं कुणालाही कळलं असतं. आजार केव्हाच गेला होता. ती भुकेनं मरत होती, आणि भुकेनं आलेला अशक्तपणा जंतूच्या नावावर घालून तिला आणखी उपाशी ठेवलं जात होतं. माझी गोळी आपलं काम करून मोकळी झाली होती, मागे माझं वाक्य उरलं होतं.

रस्त्यावर काळीपिवळी जीप थांबवली. गजाननभाऊंनी तिला लहान पोरीसारखं उचलून आणलं. वाटेत मी एवढंच म्हणू शकलो, “यांना खायला द्यायला हवं होतं, भाऊ.”  त्यांना वाटलं असणार, साहेब घाबरले म्हणून असं बोलतात.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा एक मॅडम होत्या, वयानं लहान, पण कामाला पक्क्या. मी त्यांना महिन्यातून एकदा भेटायचो, दोरही दाखवला होता. त्यांनी शांताबाईला तपासलं, पापणी खाली ओढून बघितली, आणि गजाननभाऊंना विचारलं, “शेवटचं कधी जेवल्या?”

गजाननभाऊ सांगायला लागले. वॉर्डात सात-आठ पेशंट, त्यांचे नातेवाईक, सगळे ऐकत होते. त्यांनी हातांनी दोर दाखवला, पीळ दाखवला, पुडी दाखवली. जंतू पुडी कशी फोडतो, ती पुडी त्याला आपल्याच ताटातून कशी मिळते, ताट बंद केलं की गोळीला काम सोपं कसं होतं, एकही पायरी न चुकता. शब्द माझे, क्रमही माझा. मध्ये मी जिथे थांबतो तिथे ते थांबले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अहो, जंतू उपाशी मरायच्या आधी बाई मरेल. जखम भरायला, रक्त तयार व्हायला त्यांच्या पेशींनाही तेच लागतं ना?” आणि माझ्याकडे वळल्या. “हे तुम्ही सांगितलंत यांना?”

त्या क्षणाची मला लाज वाटते. शांताबाईच्या उपाशी दिवसांची वाटतेच, पण ते घडत होतं तेव्हा मी तिथे नव्हतो, एवढा तरी आडोसा त्याला आहे. या क्षणाला तोही नाही. वॉर्डातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्या टायवर होत्या. मी म्हणालो, “मी तसं नव्हतं सांगितलं, मॅडम. मी फक्त गोळीचं मेकॅनिझम सांगितलं होतं.”

गजाननभाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते थोडे गोंधळले, मग त्यांना काहीतरी उमगलं, माझी नोकरी, माझी इज्जत, असलं काहीतरी. लगेच म्हणाले, “हाव मॅडम. सायबाचं कायी नाई त्यात. मीच उलटं समजलो असन. मी काय शिकलेला हाव?”

मॅडमनी मान फिरवली आणि नर्सला सूचना द्यायला लागल्या. एकदम पोटभर काही द्यायचं नाही, इतक्या दिवसांच्या उपाशी माणसाला ते सोसत नाही, टायफाइडनं आतडं नाजूक झालेलं असतं. भाताची पातळ पेज, थोडी थोडी. मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. टाय काढून बॅगेत कोंबला. तो नंतर पुन्हा बांधला, हेही सांगायला हवं. पुढची बरीच वर्षं मी तीच नोकरी केली.

एक केलं. त्या भागातल्या गावांत मी फिरलो आणि सांगत सुटलो की तापात खायला द्या, पेज द्या, वरण द्या. लोक हो हो म्हणायचे. गजाननभाऊंनीही मनावर घेतलं आणि ओसरीवर येणाऱ्याला पेज प्यायला लावू लागले. पण एकदा एका खेड्यात एक आजी मला समजावत बसली की बापू, तुमाले माहीत नाई, तापात जेवन जंतूच खाते, कंपनीच्या मोठ्या सायबानं दोरानं दाखवून सांगतलं हाये. मी म्हणालो, तो साहेब मीच. ती हसली, तिला ते खरं वाटलं नाही. आणखी किती घरांत त्या वाक्यानं किती जण उपाशी राहिले, कुणाची तब्येत कायमची खालावली, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला मी फार खोलात गेलोही नाही.

शांताबाई वाचली. काही दिवसांनी तिला भेटायला मी त्याच दवाखान्यात गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर थोडी तरतरी आली होती. गजाननभाऊ बाहेर चुलीवर पेज करायला गेले होते. जीपमध्ये आणि वॉर्डात जे बोललो नाही ते तिच्याशी बोलायचं, असं मी येताना ठरवलं होतं. पण मी सुरुवात करायच्या आत तीच बोलली.

“भाऊ, एक सांगू का? यायले सांगू नोका.”

“सांगा ना.”

तिनं दाराकडे बघितलं. आवाज अगदी बारीक. “तुमच्या गोळीचा कायी दोष नोयता. माझाच दोष होता जी. मी चोरून खाल्लं.”

मला कळेना.

“मले राहवतच नोयतं. हे बाहेर गेले का मी सरकत सरकत चुलीपाशी जावो. गंजात रातचा भात राह्ये, पानी घालून ठेवलेला. त्यातला उलीसा खाऊन घेवो. बुढी झोपली राह्ये. एक डाव नाई जी, लय डाव केलं असं.”  तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “हे इतका जीव लावून औषध देऊन राह्यले, अन् मी मांगून जंतूले खाऊ घालत होती. म्हून मले बरं वाटून नाई राह्यलं. यायचं नाव खराब झालं, तुमचं झालं, एवढा धिंगाणा झाला माझ्या पोटापायी.”

मी तिच्या खाटेशी खाली बसलो. म्हणालो, “शांताबाई, नीट ऐका. तुम्ही जो भात खाल्लात त्यानंच तुम्ही जिवंत राहिलात. तो खाल्ला नसता तर मी आलो त्या दिवशी तुम्ही नसता. चूक माझी आहे. मी जे सांगितलं होतं ते चुकीचं होतं. तापात जेवलं तर काही वाईट होत नाही, उलट जेवायलाच पाहिजे. तुमची काहीही चूक नाही.”

तिनं सगळं ऐकून घेतलं. डोळे पदरानं पुसले आणि माझ्याकडे मायेनं बघितलं, लहान मूल आपल्यासाठी खोटं बोललं की त्याच्याकडे बघावं तसं.

“माझं मन राखाले म्हनता तुमी,” ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. वेगळ्या शब्दांत सांगितलं, शपथ घेतली. ती मान हलवत राहिली. आयुष्यात मी इतका खरा कधी बोललो नव्हतो आणि माझ्यावर इतका विश्वास ठेवणाऱ्या बाईला त्यातलं अक्षरही पटत नव्हतं. मग गजाननभाऊ वाटी घेऊन आले आणि तिनं डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं.

ते तिच्याजवळ बसले, पेजेवर फुंकर घातली आणि वाटी तिच्या तोंडाशी नेली. तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं.